प्रकल्प आले, जाणकार कुठे आहेत? : सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळी,



मी आपल्यापैकीच एका कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद. नोकरीची बहुतेक वर्षं साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आणि पॅनवर गेली, आणि घरचा ऊस आजही गव्हाणीत पडतो. हे पत्र कुणा एका अध्यक्षांच्या नावे लिहिलं असतं, तर त्यात आधी गटातटाचं राजकारण शोधलं गेलं असतं. प्रश्न सगळ्यांचा आहे, म्हणून पत्रही सगळ्यांना.

काळ कठीण आहे हे मी आपल्याला सांगायला नको. राज्यात गाळप करणारे कारखाने साधारण 200, त्यातले निम्मे आता खासगी. 2023-24 च्या हंगामात महाराष्ट्रात 110 लाख टनांच्या आसपास साखर झाली. पुढच्याच हंगामात ती 80 लाखांच्या घरात आली आणि कित्येक कारखान्यांचं गाळप तीन महिन्यांच्या आतच थांबून पट्टा पडला. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच थांबला. त्या हंगामात क्विंटलला 275 रुपये असलेली उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) 2025-26 साठी 355 रुपयांवर गेली. शेतकरी म्हणून ती वाढ मला हवी आहे, आणि कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत हवी आहे. पण नुसत्या साखरेवर हे गणित जुळत नाही, हे मलाही दिसतं.

या कोंडीतून वाट काढायला आपण काही केलं नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. को-जन (सहवीजनिर्मिती) आलं, डिस्टिलरी आली, इन्सिनरेशन बॉयलर आला, काही ठिकाणी प्रेसमडपासून गॅस करायची तयारी झाली, हार्वेस्टर आले, आता उसाच्या शेतात एआय येतंय. नव्याची आपल्याला भीती नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक नवी गोष्ट आपल्याकडे ‘प्रकल्प’ म्हणून आली : प्रकल्प अहवाल, कर्जाला हमी, भूमिपूजन, बाहेरच्या कंपनीकडून उभारणी, उद्‌घाटन. ती चालवण्याचं, बिघडत असेल तर वेळीच ओळखण्याचं, रोज थोडी सुधारण्याचं आणि दिवस फिरले तर बदलण्याचं ज्ञान मात्र कारखान्यात मुरलं नाही. यंत्र आपलं झालं, जाणकारी कंत्राटदाराकडेच राहिली.

एका कारखान्याच्या डिस्टिलरीत जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण असं अनेक ठिकाणी घडतं. तिथे सी-हेवी मोलॅसिसवर चालणारी डिस्टिलरी बी-हेवीवर घेतली होती. बी-हेवीत आंबण्याजोगी साखर जास्त, त्यामुळे फर्मेंटरमध्ये उष्णताही जास्त निर्माण होते. टाकी 32-33 अंशांवर राहायला हवी. प्रयोगशाळेतला एक बीएस्सी झालेला पोरगा दर दोन तासांनी रजिस्टरात तापमान लिहीत होता : 33, 34, 34, 35, 36. अक्षर सुवाच्य, रकाने नीट आखलेले. तापमान का चढतंय हे विचारणं त्याचं काम नव्हतं. डिस्टिलरी चालवणारी माणसं बाहेरच्या कंपनीची, आणि त्यांचा जाणता माणूस त्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर गेलेला. थंड पाण्याच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसून वाट अरुंद झाली होती, एवढंच कारण. ते कळेपर्यंत यीस्ट मेलं, आम्लता चढली, अल्कोहोल पडलं आणि टाकीभर वॉश, म्हणजे आंबत घातलेलं द्रावण, वाया गेला. पुढे एक्स्चेंजर साफ झाला आणि काम सुरू झालं. पण त्या रजिस्टरातल्या चढत्या आकड्यांवर ना खातेप्रमुखांच्या बैठकीत चर्चा झाली, ना संचालक मंडळापुढे ते आले. पुढच्या वेळी तेच घडू नये म्हणून काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

नुकसान टाकीभर वॉशचं झालं, ते भरून निघालं. त्यातून जे शिकता आलं असतं ते गेलं, ते मला जास्त लागतं.

हीच चूक आता मक्याच्या बाबतीत होऊ शकते. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करायला वाट मोकळी झाली. कर्जाच्या व्याजावर सवलत मिळाली, आपण क्षमता वाढवली. मग 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली; काही दिवसांनी ती मर्यादा घालून सैल केली, पण तोवर हंगामाचं नियोजन कोलमडलं होतं. त्यानंतर देशाच्या इथेनॉलमध्ये धान्याचा, विशेषतः मक्याचा वाटा उसापेक्षा वर गेला. मार्च 2025 मध्ये केंद्राने खास सहकारी कारखान्यांसाठी व्याज सवलतीची योजना आणली, उसावरची डिस्टिलरी धान्यावरही चालावी म्हणून. आपल्यापैकी बरेच जण त्या योजनेचा विचार करत आहेत. जरूर करा. पण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक गोष्ट मनात घोळवा.

साखर कारखान्याने आजवर कच्चा माल बाजारात जाऊन फारसा विकत घेतलेला नाही. ऊस सभासदाचा, नोंद शेती खात्याकडे, किमान भाव कायद्याने ठरलेला. तयार साखर विकायची तर दर महिन्याचा कोटा सरकार देतं, निविदा निघतात, व्यापारी येतात. खरेदी आणि विक्री ही दोन्ही कामं आपल्यासाठी बरीचशी दुसऱ्यांनीच ठरवून दिलेली. म्हणून आपल्या संस्थेचे सगळे स्नायू तिसऱ्याच कामात तयार झाले : हंगामात तोडणी-वाहतूक लावणं, ऊस अडकू न देता गाळणं, बँक आणि सरकार सांभाळणं. यात आपला हात कुणी धरू शकत नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. पाऊस, टोळ्यांची पळवापळव, आंदोलनं, यंत्रातले बिघाड, या सगळ्यांतून दिवसाला हजारो टन ऊस गाळणं ही मोठी क्षमता आहे. पण मका विकत घेणं हे पूर्ण वेगळं काम. कधी घ्यायचा, किती साठवायचा, ओलावा किती चालेल, बुरशी आहे का, भाव पडेल की चढेल, वायदे बाजाराकडे बघायचं की नाही. मग दळणं, शिजवणं, एन्झाइमने स्टार्चची साखर करणं. आणि शेवटी उरणारा सुका चोथा (डीडीजीएस) पशुखाद्याच्या बाजारात विकणं, जिथे गिऱ्हाईक प्रथिनांचं प्रमाण विचारतं. हे सगळं वर्षभर, हंगाम नसताना. हे करणारी माणसं आपल्याकडे आज कोण आहेत? प्रकल्प अहवालात यंत्राच्या प्रत्येक भागाची किंमत असते. या माणसांसाठीचा रकाना मी अजून कुठल्या अहवालात पाहिलेला नाही.

1990 साली वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थाल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक साधी पण खोल गोष्ट मांडली. बाहेरचं नवं ज्ञान ओळखायला, पचवायला आणि वापरायला संस्थेकडे त्या विषयाचं आधीचं स्वतःचं ज्ञान असावं लागतं. जे स्वतः थोडंफार संशोधन करतात त्यांनाच दुसऱ्याचं संशोधन उपयोगी पडतं. आपल्या शेतीत हे रोज दिसतं. माती परीक्षणाचा कागद दोन शेतकऱ्यांना सारखाच मिळतो. ज्याने आधी दोन-चार वाफ्यांत खताचे वेगवेगळे डोस देऊन पाहिलेले असतात, त्यालाच तो कागद वाचता येतो.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचंही हेच होतं. ऊस उत्पादकांनीच 1975 मध्ये उभी केलेली ही संस्था, देशात नाव असलेली. तिथले तज्ज्ञ येतात, अहवाल देतात, शिफारशी करतात. त्या शिफारशी घेऊन पुढे काम करणारा माणूस कारखान्यात नसेल, तर अहवाल कार्यकारी संचालकांच्या कपाटात जातो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं काम 1932 पासून चालू आहे. फुले 265 सारखं वाण तिथून आलं. पण वाण शेतकऱ्यापर्यंत निरोगी पोचायचं तर कारखान्याचा बेणेमळा शिस्तीने चालायला हवा : मूलभूत बेणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित. बेणेमळा नीट चालवणं यात कॅमेऱ्यासमोर दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पुढच्या दहा वर्षांचा साखर उतारा मात्र तिथेच ठरतो.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसात एआयचा प्रयोग केला, त्याची चर्चा जगभर झाली. आता अनेक कारखाने त्यात उतरत आहेत. मला त्यातून खरी आशा आहे. पण शेतात हवामान केंद्र उभं राहिलं, मोबाइलवर पाणी द्या, खत द्या असा संदेश आला, की शेतकरी विचारणार कुणाला? गटातल्या चिटबॉयला. त्याला आपण आजवर नोंदी घ्यायला आणि तोडीच्या चिठ्ठ्या वाटायला ठेवलं. त्याला ते संदेश वाचायला, शेतात उतरून पडताळायला आणि चुकीचा संदेश आला तर वर कळवायला शिकवलं, तर एआय टिकेल. तो या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, आणि त्याच्या प्रशिक्षणाची तरतूद सगळ्यात शेवटी होते.

हार्वेस्टरचंही तसंच. यंत्र आलं, पण सरी साडेचार-पाच फुटांची हवी, वावर लांब हवं, वळायला जागा हवी. लागवडीच्या वेळी शेती खातं हे सांगत फिरलं नाही, तर तोडीच्या वेळी यंत्र बांधावर उभं राहतं आणि पाचटाच्या कपातीवरून भांडणं होतात.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं सांगायला सोपं, सहकारात करून दाखवा. करून दाखवलेलं आहे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने क्षारपड जमिनी सुधारण्याचं काम हाती घेतलं. कृष्णा-पंचगंगेच्या काठची ती जमीन, पिढ्यान्‌पिढ्या भरमसाट पाणी पिऊन मिठाने पांढरी पडलेली. उपाय तांत्रिकदृष्ट्या माहीत होता : जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकायचे, खारं पाणी गोळा करून नाल्याला सोडायचं. अडचण अशी की माझ्या शेतातलं पाणी बाहेर काढायचं तर ते खालच्या चार शेतांतून जाणार. एकट्याने काहीच होत नाही. म्हणून सर्वेक्षण, गावागावांत बैठका, शेतकऱ्यांचे गट, बँकेचं कर्ज, मुख्य नाल्याच्या वाटेवर सगळ्यांची संमती, हे सगळं जमवावं लागलं. पाइप कुणालाही विकत घेता येतात. माणसं एका मापात आणण्याची हातोटी त्या कारखान्यात घडली, आणि एका गावात जमलं म्हणून ते दुसऱ्या गावात नेता आलं. संस्थेची क्षमता म्हणतात ती हीच, आणि सहकार तिच्यासाठीच जन्माला आला होता.

आपली सुरुवातही आठवा. प्रवरानगरचा कारखाना 1950 मध्ये उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले, आणि पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. साखर करणारी यंत्रं तेव्हा खासगी कारखान्यांकडे होतीच. नवं होतं ते संघटन : ऊस पिकवणाराच मालक. आणि त्या नव्या कामासाठी लागणारं ज्ञान आपल्याकडे नाही हे ओळखून शेतकऱ्यांनी एका अभ्यासकाला आपल्या शेजारी नव्हे, तर अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. तेवढा मोठेपणा आपल्या पूर्वजांकडे होता.

ब्राझीलशी आपली तुलना नेहमी होते, पण ती यंत्रांच्या आकारापुरती थांबते. तिथल्या साखर उत्पादकांची सहकारी संस्था कोपरसुकार 1959 ची. तिने 1969 मध्ये पिरासिकाबाला ऊस तंत्रज्ञान केंद्र सुरू केलं आणि वाणं, माती, गाळप यांवर सलग काम केलं. 1975 मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, 2003 मध्ये पेट्रोल आणि इथेनॉल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या. आज तिथले अनेक कारखाने भाव बघून ठरावीक मर्यादेत साखर कमी, इथेनॉल जास्त किंवा उलट असं वळतात. तेवढी लवचिकता अनेक दशकं पैसे आणि माणसं गुंतवून आली. आपलं धोरण दिल्लीत ठरतं ही आपली खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. पण धोरण वारंवार बदलतं म्हणूनच चटकन वळता येण्याची आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त गरज आहे.

आता आपल्या हातातल्या गोष्टींबद्दल स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

पहिला प्रश्न भरतीचा. पाच वर्षांनी निवडणूक येते आणि कारखान्यातली जागा हे मतांचं साधन होतं. गरजेपेक्षा जास्त माणसं आणि तरीही केमिस्ट कमी, इन्स्ट्रुमेंटेशन जाणणारा नाहीच, हे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिलंय. चांगला चीफ केमिस्ट शेजारचा खासगी कारखाना पगार वाढवून घेऊन जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या वहीतली सगळी बारकाव्यांची माहितीही जाते. हंगामी कामगार पट्टा पडला की घरी जातो. त्याला रिटेन्शन मिळतं, पण त्या महिन्यांत त्याला काही शिकवावं असा विचार होत नाही. ओव्हरहॉलिंगचे महिने हे शिकण्याचे महिने आहेत. मिल उघडलेली असते, पॅन रिकामा असतो, आतलं सगळं दिसतं. पॅनमन, मिल फोरमन, बॉयलर अटेंडंट यांच्याकडचं अनुभवाचं ज्ञान नव्या पोरांकडे जायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

दुसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. तिथे दर तासाला बगॅसमधली पोल, ओलावा, रसाची शुद्धता, प्रेसमडमधली साखर मोजली जाते. 5 लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा नुसता 0.1 टक्क्याने सुधारला तर 500 टन साखर वाढते. किलोला 31 रुपये धरले तरी दीड कोटींच्या वर रक्कम होते. त्यासाठी नवं कर्ज लागत नाही. तोडलेला ऊस अड्ड्यावर किती तास पडला, मिलमध्ये इंबिबिशनचं पाणी नीट पडतंय का, मिल सॅनिटेशन वेळेवर होतं का, हे कुणीतरी रोज बघावं लागतं आणि बघणाऱ्याचं कुणीतरी ऐकावं लागतं. ऊस चोवीस तासांच्या पुढे पडून राहिला की साखर फुटायला लागते, डेक्स्ट्रान वाढतं, पॅनमध्ये दाणा नीट धरत नाही. हे प्रत्येक केमिस्टला ठाऊक असतं. संचालक मंडळाच्या किती बैठकांत त्याला बोलावून विचारलं जातं?

तिसरा प्रश्न चुकण्याच्या मोकळिकीचा. शंभर कोटींची डिस्टिलरी फसली तर ती सगळ्यांनी मिळून झाकली जाते. पण एखाद्या केमिस्टने दहा हजारांचा प्रयोग केला आणि तो फसला, तर त्याला कारणे दाखवा नोटीस जाते. हे उलटं व्हायला हवं. छोटे प्रयोग भरपूर व्हावेत, त्यातले अनेक फसावेत आणि मोठा खर्च त्यांतून मिळालेल्या शहाणपणावर व्हावा. बी-हेवीवरून मक्यावर जाण्याआधी एका छोट्या संयंत्रात चार-सहा महिने मका शिजवून बघा. आपल्याच तालुक्यातला मका घ्या, आपल्याच माणसांना ते करू द्या. त्यांनी केलेल्या चुका लिहून काढा. ती वही हाती असेल तर यंत्र पुरवणाऱ्या कंपनीशी बोलताना आपली माणसं बरोबरीने बोलतील.

हे करायला पैसा कुठून, असं विचाराल. टनाला 2 रुपये बाजूला काढले तर 5 लाख टनांवर 10 लाख होतात. दोन हुशार पदवीधर आणि एक साधी प्रयोगाची खोली एवढ्यात चालते. उसाच्या बिलातून आणखी एक कपात मात्र नको. कपातींची यादी आधीच लांब आहे. उद्‌घाटनं, जाहिराती आणि अहवालाचे रंगीत कागद यांतून ते सहज निघतील. आणि शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून ही खोली चालवली तर आणखी उत्तम. अध्यक्षांमध्ये पटत नसलं तरी केमिस्टांमध्ये चांगलं पटतं, हे मी अनुभवाने सांगतो.

या कामाचं फळ एका कार्यकाळात दिसणार नाही, याची मला जाणीव आहे. डिस्टिलरीच्या कोनशिलेवर आपलं नाव येतं, घडवलेल्या माणसांवर येत नाही. पण खासगी कारखाना आज शेजारी उभा आहे, तो यंत्रांत आपल्यापेक्षा फार पुढे नाही. तो आपली माणसं घेतो आणि त्यांचं ऐकतो. आपला भागधारक पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्याची जमीन हलणारी नाही, त्याची मुलं आपल्याच महाविद्यालयांत शिकलेली. अशी माणसं घडवायला आपल्याइतकी अनुकूल जागा देशात दुसरी नसेल.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात, ताळेबंदाच्या आधी, एक पान छापा. त्यावर लिहा की या वर्षी कारखान्यात कोणते प्रयोग झाले, कोणते फसले आणि का फसले, कोणत्या कामासाठी आपण अजूनही बाहेरच्या कंपनीवर अवलंबून आहोत, ते काम आपल्या कोणत्या कर्मचाऱ्यांना शिकवायला घेतलंय आणि ते किती दिवसांत येईल. मी माझ्या कारखान्याच्या सभेसाठी हाच प्रश्न मुदतीत लेखी देणार आहे, आणि माझ्या गटातले सभासदही देणार आहेत. उत्तर व्यासपीठावरून खातेप्रमुखांनी द्यावं, म्हणजे आम्हाला त्यांना पुढचं विचारता येईल.

कळावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद